उजवं जोडचाक

“गाडी वाकडी आहे,” हे म्हणाले.

पत्र्याचं पिंप आडवं होऊन कुंपणापर्यंत घरंगळत गेलं होतं. मैदानात दोन पिंपं उभी केलेली. त्यांच्याभोवती आठाचा आकडा काढायचा, एवढीच परीक्षा. पहिलं पिंप ह्यांनी सकाळपासून चौथ्यांदा पाडलं होतं.

दस्तगीर मिस्त्रींनी पिंप उचलून आणलं, जागेवर ठेवलं.

“डावीकडे वळायला जातो, तर ही उजवीकडे घुसते. तुझं एक चाक पुढेमागे बसलंय, मिस्त्री. माप घे परत.”

“घेतलं, साहेब. दोनदा घेतलं.”

“मग तिसऱ्यांदा घे.”

मिस्त्री टेप घेऊन खाली बसले. ह्यांच्या साडेतीनशे सीसीच्या गाडीला आता मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जोडचाक लागलं होतं. मोजली तर चाकं चार होत, पण बघणारे तिला तीनचाकीच म्हणायचे. सगळं बोल्टवर बसवलेलं. चौकटीला एक भोकसुद्धा पाडलेलं नाही, कंटाळा आला की दोन तासांत काढता येईल, असं मिस्त्री सांगायचे. पुढची मोठी काच आणि बाजूच्या पत्र्याच्या पेट्या, ज्यात मी बत्तीस वर्षं आमचे कपडे भरले, त्या तशाच होत्या.

“सुताचाही फरक नाही,” मिस्त्री म्हणाले.

“म्हणजे मला चालवता येत नाही, असं म्हणायचंय तुला.”

“मी तसं कुठं म्हटलं?” मिस्त्रींनी टेप खिशात टाकला आणि माझ्याकडे वळले. “वहिनी, तुम्ही सायकल चालवलीय कधी?”

“नाही.”

“लुना? स्कूटर?”

“आमच्याकडे मुलींच्या हातात सायकल देत नसत.”

“मग बसा.”

“तिला कशाला बसवतोस?” हे म्हणाले.

“गाडी वाकडी असली तर वहिनींच्या हातातही वाकडीच जाईल, साहेब. ज्याला काही येत नाही त्याच्या हातात वस्तू खरं बोलते.”

मी बसले. पुढच्या सीटवर आयुष्यात पहिल्यांदा. मिस्त्रींनी गिअर टाकून दिला. क्लच कसा सोडायचा ते सांगितलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लोटावं तसा. गाडी हलली. मला जिकडे जायचं होतं तिकडे मी हँडल ओढलं, आणि ती तिकडे गेली. पहिल्या पिंपाला वळसा, दुसऱ्या पिंपाला वळसा, परत मध्ये. मी किती आठ काढले ते मला कळलं नाही. मिस्त्री हात वर करून थांबा म्हणत होते, तेही मला उशिरा दिसलं.

थांबले तेव्हा मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, “गाडी सरळ आहे.”

हे शेडच्या नळावर हात धूत होते. हाताला काही लागलं नव्हतं. बराच वेळ धूत होते.

*

हे म्हणजे गजानन पिसाळ, पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त. साताऱ्यात ओळख मात्र खात्यामुळे नव्हती, गाडीमुळे होती. कन्याकुमारी, द्वारका, दोनदा नेपाळची हद्द. मागे मी. त्या काळी पंजाबी ड्रेस घालून, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची म्हणून माझ्याबद्दल बोललं जायचं. मला ते आवडायचं, हे इथेच सांगून टाकते.

साठी उलटल्यावर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. सौम्यच होता. सगळं परत आलं, डावा पाय सोडून. चार महिन्यांनी गाडी काढली. पोवई नाक्यावर थांबले, डावा पाय टेकवला आणि पायाने वजन घेतलंच नाही. झाड पडतं तसे सावकाश आम्ही दोघं पडलो. लागलं काहीच नाही. लोक हसले, इतकंच.

घरी आल्यावर ह्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली. कराडचा एक माणूस गाडी बघायला येणार म्हणाले.

त्या माणसाला फोन करून नाही म्हणणारी मी. मिस्त्रींचा पत्ता शोधणारी मी. अपंगांच्या स्कूटरला जोडचाकं लावून देण्यात त्यांचं नाव होतं, एवढ्या मोठ्या गाडीला कधी लावली नव्हती. “बघू या,” ते म्हणाले. गाडीखाली आडवे होऊन दोन दिवस नुसतं बघत राहिले, मग तिसऱ्या दिवशी पट्ट्या कापायला घेतल्या. ब्रेक डाव्या पायाला होता, तो त्यांनी टाकीजवळ हाताच्या दांड्यावर घेतला.

“कालिंदी, तू ठरवलंयसच का?” ह्यांनी विचारलं होतं.

“तुमच्यासाठीच करतेय ना.”

“बरं,” हे म्हणाले.

*

“दोन चाकांवर माणूस हातानं वळवत नाही, वहिनी. अंगानं वळवतो. कलतो. आणि कलायच्या आधी हँडल जरासं उलटं दाबतो, डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे. त्याला स्वतःला कळत पण नाही. विचारलं तर तो नाहीच म्हणेल.”

“मग?”

“ही गाडी कलत नाही. इथं टांगेवाल्यासारखं ओढावं लागतं. साहेब विचार करून ओढतात तेव्हा बरोबर जातात. विचार सुटला की अंग आपलं जुनं काम करतं. डावी मूठ पुढे.”

“आणि गाडी उजवीकडे.”

“उजवीकडे. बत्तीस वर्षांची सवय आहे. पोरगं असतं तर आठवड्यात सुटली असती.” मिस्त्री पान्याने नखातलं ग्रीस काढत होते. “महिनाभर मैदानात फिरू द्या त्यांना. घाट नको.”

“मंगळवारी ह्यांचे गाडीवाले मित्र सगळे निघणार आहेत. मेढ्यावरून महाबळेश्वर, पाचगणी, आणि पसरणीचा घाट उतरून वाई.”

“पुढच्या महिन्यात जा.”

“सांगते त्यांना,” मी म्हणाले.

*

सांगितलं नाही.

*

मंगळवारी सकाळी हे बुटाची नाडी बांधत ओट्यावर बसले होते. बांधली, सोडली, परत बांधली. ऑक्टोबर होता, आभाळ स्वच्छ, अजिंक्यताऱ्यावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं.

“आज नको वाटतंय,” हे म्हणाले.

“निकमअण्णा नाक्यावर येऊन थांबले असतील.”

“थांबू दे.”

“लोक काय म्हणतील? पोवई नाक्यावर पडले ते घरातच बसले.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले. उजव्या पायाने किक मारली, पहिल्याच किकला गाडी चालू झाली. मला तो शकुन वाटला.

निकमअण्णा म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. जिभेला हाड नसलेला माणूस. मेढ्याच्या अलीकडे त्यांनी आपली गाडी आमच्या बरोबरीने आणली.

“काय पिसाळ, पांगुळगाडा घेऊन निघालास?”

“तुझ्या पोटाला बांधू का एखादं चाक? टेकतंय रस्त्याला.”

“वहिनी, झोप लागत असेल आता मागं. सोफ्यावर बसल्यासारखं.”

हे हसले. मोठ्याने, पूर्वीसारखे. त्याच क्षणी रस्ता थोडा डावीकडे वळत होता, आणि गाडी उजवीकडे निघाली, निकमअण्णांच्या अंगावर. अण्णांनी ब्रेक मारला, मागे पडले. हे दचकले, हँडल ओढलं, गाडी परत आपल्या बाजूला आली.

“ए, मारतोस काय!” अण्णा मागून ओरडले आणि तेही हसले. त्यांना वाटलं, मुद्दाम केलं.

मला कळलं होतं. हसले की चुकतात. बोलले की चुकतात.

मेढ्याला चहाच्या टपरीवर मी अण्णांना बाजूला घेतलं. “तुम्ही सगळे पुढे जा. आम्ही आमच्या चालीने येतो.”

“का? रुसला की काय?”

“नाही. पुढे जा तुम्ही.”

ते गेले. केळघरचा घाट आम्ही एकटेच चढलो. चढाला वेग नसतो, वेळ मिळतो. प्रत्येक वळणाच्या आधी ह्यांची पाठ ताठ व्हायची आणि हे काहीतरी पुटपुटायचे. वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. मी हनुवटी त्यांच्या खांद्याला लावली तेव्हा कळलं.

“हात. हात. हात.”

असं प्रत्येक वळणाला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. वर गार वारा होता.

पाचगणीला सगळ्यांबरोबर जेवलो. निकमअण्णांनी उभं राहून भाषण केलं, वहिनींनी आमचा माणूस परत रस्त्यावर आणला वगैरे. टाळ्या झाल्या. ह्यांनी ताटात भात तसाच ठेवला होता.

“तुम्ही जीपने चला वाईपर्यंत,” हे मला हळूच म्हणाले. “वडाप मिळेल.” हे मला एरवी ‘तू’ म्हणत. ‘तुम्ही’ फक्त पाहुण्यांसमोर, किंवा मनात भीती असली की.

“मी कशाला? मी मागे बसणार.”

“कालिंदी, उतार आहे.”

“मग सावकाश जाऊ.”

*

उतरण.

बाकीचे पुढे निघून गेले होते. दुपारचे अडीच. पहिली तीन-चार वळणं बरोबर गेली. हात, हात, हात. डावीकडे दगडी कठडा, कठड्यापलीकडे काही नाही, मग एकदम खाली हिरवे-पिवळे तुकडे, कृष्णेची रेघ.

पाचव्या वळणाआधी रस्ता उघडला आणि धोमचं पाणी दिसलं. पावसाळा नुकताच सरलेला, धरण काठोकाठ, ऊन त्याच्यावर. बत्तीस वर्षांत मी तिथून कितीतरी वेळा गेले होते आणि तसं कधी दिसलं नव्हतं.

“अहो, पाणी बघा,” मी म्हणाले.

त्यांनी पाहिलं.

वळण उजवीकडे होतं. हे उजवीकडे कलले, फार सुंदर कलले, पूर्वीसारखे, आणि त्यांच्याबरोबर मीही कलले. गाडी कलली नाही. उजवी मूठ पुढे गेली आणि पुढचं चाक डावीकडे, कठड्याकडे फिरलं.

मी ओरडले नाही. त्यांच्या उजव्या बगलेखालून हात घातला, कोपर धरलं आणि सगळं बळ लावून मागे ओढलं. हँडल फिरलं. डावं जोडचाक कठड्याला घासत गेलं, मग सुटलं. ह्यांनी ब्रेकचा दांडा ओढला. गाडी रस्त्याच्या मधोमध, तोंड उताराकडे करून थांबली.

आम्ही वाचलो होतो.

ह्यांनी श्वास सोडला. हात ब्रेकवरून सुटला. थांबलेल्या गाडीवर माणूस करतो ते त्यांनी केलं. त्यांच्याकडे एक चांगला पाय होता, उजवा, तो खाली टेकवला.

गाडी थांबलेली नव्हती. इंचाइंचाने उतारावर सरकत होती. उजवं जोडचाक मागून आलं आणि त्यांच्या टाचेवर चढलं.

*

तो आवाज मी लिहिणार नाही.

*

ह्यांनी परत ब्रेक ओढला, म्हणून चाक पायावरच उभं राहिलं. हे सीटवर, डावी मूठ क्लचवर आवळलेली, उजवा पाय मागे खेचला गेलेला, त्यावर चाक. इंजिन चालू.

मी उतरले. गाडी मागे ढकलायला लागले. अडीचशे किलोचं लोखंड, वर ते, आणि चढ. दोनदा ढकललं. तसूभर हलली नाही. जिथे दर मिनिटाला मोटार जाते त्या रस्त्यावर त्या वेळी कोणी नव्हतं.

“पुढे घे,” हे म्हणाले.

“पुढे घेतली तर सगळ्या पायावरून जाईल.”

“मागे येत नाही ना?”

“नाही.”

“मग पुढे. मी ब्रेक सोडतो. तू ढकल. हळू नको.”

त्यांनी सोडला. मी ढकललं. चाक टाचेवरून पावलावर आलं, पावलावरून बोटांवर, आणि रस्त्यावर उतरलं. ह्यांनी ब्रेक ओढला आणि मग कपाळ टाकीवर टेकलं.

यापुढचं मी बावीस वर्षं सगळ्यांना असं सांगत आले: कोणी थांबलं नाही. म्हणून मी त्यांना मागे बसवलं, माझ्या ओढणीने कमरेला बांधलं, आणि मैदानात काढलेल्या पाच-सहा आठांच्या जोरावर अख्खा पसरणीचा घाट उतरून वाईच्या दवाखान्यात नेलं. हे ऐकून बायका तोंडाला पदर लावायच्या. निकमअण्णांनी पेपरात छापून आणायचंही ठरवलं होतं. मीच नको म्हटलं.

डॉक्टरांनी टाच वाचवायचा प्रयत्न केला. वाचली नाही. हे पुढे वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालायचे, अंगणापर्यंत कधी कधी. गाडीवर परत बसले नाहीत. मी बसत राहिले, चौदा वर्षं, एकटी.

दस्तगीर मिस्त्री दुसऱ्या दिवशी वाईला आले होते. बाकावर टोपी हातात घेऊन बसले.

“चाळीस गाड्या केल्या, वहिनी. माझं एकही गिऱ्हाईक पाय खाली टाकणारं नव्हतं. टाकता आला असता तर माझ्याकडे कशाला आलं असतं? सांगायचं डोक्यातच आलं नाही. पाय वरच ठेवा, एवढं सांगायचं होतं.”

“तुमचा दोष नाही,” मी म्हणाले.

“मग कुणाचा?”

त्यांनी सहज विचारलं होतं. रागाने नाही. मी उठून पाणी आणायला गेले.

*

जीप थांबली होती.

चाक उतरून मिनिटही झालं नव्हतं. पाचगणीकडून पांढरी जीप आली, आमच्यामागे थांबली. ड्रायव्हर उतरला. चाळिशीचा, कपाळाला अष्टगंध. त्याने ह्यांचा पाय पाहिला आणि लगेच मागचं दार उघडलं.

“ताई, आडवं करू यात त्यांना. सीट रिकाम्या आहेत. वीस मिनिटांत वाईत सोडतो.”

जीपमध्ये कोणी नव्हतं. मागची लांब सीट मोकळी, तिच्यावर घडी घातलेली चादर.

“नको,” मी म्हणाले.

“अहो ताई, रक्त जातंय.”

“मी नेते. मला येतं.”

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे. ते काहीतरी बोलतील असं मला वाटलं. त्यांनी दोन्ही हातांनी सीट धरली आणि स्वतःला मागे सरकवलं, माझ्या जागेवर.

ड्रायव्हर मान हलवत निघून गेला.

मी पुढे बसले. ओढणी बांधली, ते खरं आहे. गिअर टाकला, तोही पहिल्याच झटक्यात पडला, कारण तो आवाज मी हजारो मैल मागून ऐकला होता. पहिलं वळण आलं. ओढलं. वळली. दुसरं आलं. मागे हे वळणाबरोबर कलत होते, सवयीने, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघत होता. मला तो ऐकू येत होता. ऊन समोर होतं, धोमचं पाणी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात होतं, आणि रस्ता मी नेईन तिकडे जात होता.

छप्पन्न वर्षांची होते मी. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. नंतरही नाही.

“कालिंदी, हळू,” हे एकदा म्हणाले.

मी हळू केलं नाही. पसरणी गाव मागे पडल्यावर सपाटीला ती पांढरी जीप पुढे दिसली. मी हॉर्न दिला आणि तिला मागे टाकलं.

*

हे जाण्याच्या आदल्या वर्षी निकमअण्णांची नातसून घरी आली होती. पहिल्यांदाच. तिला गोष्ट ऐकायची होती. मी सांगितली, पाठ असल्यासारखी. हे खिडकीशी खुर्चीत बसून बशीतला चहा पीत होते.

“पण आजी, एवढा रहदारीचा रस्ता,” ती म्हणाली. “एकही गाडी थांबली नाही?”

मी पुढचं वाक्य विसरले. ते माझ्याकडे तयार असायचं, त्या दिवशी नव्हतं.

“एक जीप थांबली होती,” हे म्हणाले.

बावीस वर्षांत ते यावर पहिल्यांदाच बोलले. बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

“भरलेली होती गं,” ते तिला म्हणाले. “बसायला जागाच नव्हती.”